काकांच्या ऑफिसातलं सर्टिफिकेट



या उन्हाळ्यात मला एकाच प्रकारचे चार फोन आले. "ताई, तुमच्या ओळखीत कुणाचं सीएचं ऑफिस आहे का? पोरीला सर्टिफिकेट पाहिजे." नीट ऐकलं तर लक्षात येईल, चौघींपैकी एकीनेही "पोरीला काम शिकायचंय" असं म्हटलं नाही. सर्टिफिकेट पाहिजे, एवढंच. एकीने तर स्पष्टच सांगितलं, की जायचं-यायचं काही नाही, फक्त लेटरहेडवर तारखा टाकून सही-शिक्का हवाय.

ज्यांच्या घरात कॉलेजची मुलं नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. नव्या शैक्षणिक धोरणात आता बी.कॉम.च्या मुलामुलींनाही पदवी मिळण्याआधी कुठेतरी प्रत्यक्ष काम करावं लागणार आहे. त्याला 'ऑन जॉब ट्रेनिंग' म्हणतात आणि त्याचे चार क्रेडिट असतात. आपलं नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठही त्यातच आलं. आमच्या वेळी असं काही नव्हतं. तेव्हा परभणी औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठाखाली होती. आम्ही ताळेबंद फळ्यावर शिकलो, खरी कीर्द-खतावणी हातात आली ती लग्नानंतर, दुकानातली. तेही सासऱ्यांनी हौसेने शिकवलं म्हणून. नाहीतर माझ्या बरोबरीच्या कितीजणींची पदवी कपाटात साडीच्या घडीखाली गेली, ते तुम्हीही जाणता.

म्हणून हा नवा नियम मला मनापासून आवडला होता. आणि आता त्याचं आपण काय करतोय? मुलगी एक दिवसही ऑफिसात गेली नाही आणि काकांच्या फर्मने लिहून दिलं, की अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत तिने आमच्याकडे समाधानकारक काम केलं. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात उमास्वामींनी सत्यव्रताचे पाच अतिचार सांगितलेत. त्यातला तिसरा आहे कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा कागद करणे. स्वाध्यायात आपण तो दरवर्षी वाचतो आणि वाटतं, हे कुणा जुन्या काळच्या लबाड सावकारासाठी लिहिलं असेल. वीस वर्षांच्या मुलीच्या नावाने पहिला कूटलेख आपणच तयार करून देतो आणि वर म्हणतो, "पोरीची सोय झाली."

आता या विषयात मी एवढी का शिरले ते सांगते. माझ्या नणंदेची नात जिंतूरला असते. बी.कॉम.चं दुसरं वर्ष संपलं. सक्ती नसताना तिला या सुट्टीत सीएच्या ऑफिसात जायचं होतं. जिंतूर ते परभणी रोज एसटीने ये-जा मेच्या उन्हात शक्य नव्हती, म्हणून ती सहा आठवडे माझ्याकडे राहिली. ऑफिस मोंढ्याच्या बाजूला, एका कॉम्प्लेक्सच्या दुसऱ्या मजल्यावर. आमच्या नात्यातलं नाही, ओळखीतलंही नाही. तिने स्वतः चार ठिकाणी जाऊन विचारलं, तीन ठिकाणी नकार मिळाला, चौथ्या ठिकाणी या म्हणाले.

मी आधी एकदा जाऊन बघून आले. मुलीला कुठे पाठवताना आपण माणसं कशी आहेत ते विचारतो. तेही विचारावंच, पण मी पहिल्यांदा विचारलं, बाथरूम कुठे आहे? तुम्ही हसाल. त्या मजल्यावर सगळ्या ऑफिसांना मिळून एकच बाथरूम, त्याला कुलूप, आणि किल्ली खालच्या मेडिकलवाल्याकडे! दहा तास मुलगी पाणी न पिता बसणार, तेही ४३-४४ अंशांत. मी साहेबांना म्हटलं, एक किल्ली तुमच्या टेबलाच्या खणात ठेवा. त्यांनी ठेवली. माणूस वाईट नव्हता, कुणी विचारलंच नव्हतं आजवर. तिच्याआधी तिथे सगळे मुलगेच होते.

पहिल्या आठवड्यात तिच्याकडे काय काम होतं? बिलं तारखेनुसार लावायची, पंच करायची, फायलीवर नाव लिहायचं. पिशव्या भरभरून बिलं येतात तिथे. आडत दुकानाच्या पट्ट्या, ट्रान्सपोर्टच्या पावत्या, पेट्रोलच्या पुसट झालेल्या चिठ्ठ्या. आणि चहा. दोन मुलगे आणि ही एक मुलगी असे तिघं नवे होते, पण चहा सांगायला, कप गोळा करायला रोज हिलाच उठवायचे. चौथ्या दिवशी तिने साहेबांना सरळ विचारलं, "सर, चहाची पाळी लावायची का?" पाळी लागली. मला हे तिने रात्री सांगितलं तेव्हा मी मनात म्हटलं, सर्टिफिकेटात हे कुठे लिहून मिळणार होतं!

दुसऱ्या आठवड्यापासून टॅलीत नोंदी. मग बँकेचा जुळारा. बँक पासबुकात एक शिल्लक, दुकानाच्या वहीत दुसरी, आणि मधला फरक कशाचा ते शोधायचं. एका खात्यात ३४० रुपयांचा फरक तिला दीड दिवस सापडत नव्हता. शेवटी निघाला तो बँकेने कापलेल्या चार्जेसचा, दोन ठिकाणी थोडा थोडा. घरी आल्यावर तिचा चेहरा असा खुलला होता जणू बक्षीस लागलं. कॉलेजात तिने हाच प्रश्न दहा मार्कांना सोडवला होता. पण तिथे फरक पुस्तकवाल्याने मुद्दाम टाकलेला असतो आणि तो सापडतोच. इथे खरा माणूस, खरे पैसे, आणि सापडेलच याची हमी नाही.

मेमध्ये अशा ऑफिसात काय धांदल असते याची मलाही नीट कल्पना नव्हती. ११ तारखेला जीएसटीचं एक विवरण, २० तारखेला दुसरं, ३१ मेला टीडीएसचं शेवटच्या तिमाहीचं. ते झालं की आयकराची विवरणपत्रं. नेहमी त्याला ३१ जुलैची मुदत असायची. २०२५ साली ती १५ सप्टेंबर केली होती, म्हणजे धावपळ नेमकी आपल्या दशलक्षण पर्वात आली. ज्यांच्या मुली किंवा सुना अशा ऑफिसात आहेत त्यांनी अशा वर्षी उपवासाचा विचार आधीच करून ठेवावा.

जेवणाचं आम्ही असं जमवलं. मेमध्ये सूर्य सातच्या थोडा आधी मावळतो. साडेपाचला ती डबा उघडायची, दशमी आणि दाण्याची चटणी. पहिले दोन दिवस मुलं विचारायची, हे काय मधेच? तिने सांगितलं, आम्ही रात्री जेवत नाही. नंतर त्यातलाच एकजण साडेपाच झाले की तिला आठवण करायचा. आपल्याला वाटतं बाहेर गेलं की नेम मोडतो. थंडीत मात्र हे कठीण जाईल हे खरं, डिसेंबरात सहाच्या आत मावळतो.

आता मुख्य गोष्ट. जूनच्या पहिल्या आठवड्यात तिला आयकराच्या फायलींचं काम दिलं. प्रत्येकाच्या नावाची माहिती पोर्टलवरून उतरवायची, त्याला एआयएस म्हणतात. बँकेचं व्याज, शेअर, डिव्हिडंड, मोठी रोख रक्कम भरली असेल तर ती, सगळं सरकारकडे आधीच नोंदलेलं असतं. एका संध्याकाळी ती गप्पच होती. मग म्हणाली, "मामीआजी, नाव मी सांगणार नाही. पण एक विचारू? गावातल्या एवढ्या बायका शिवणकाम करतात का?"

मी म्हटलं, कोणत्या बायका?

तर म्हणे, एका कप्प्यात सगळ्या बायकांच्या फायली आहेत. चांगल्या घरच्या. निम्म्याहून जास्त फायलींवर व्यवसाय 'शिवणकाम' नाहीतर 'शिकवणी'. वर्षाला तीन लाख, साडेतीन लाख उत्पन्न. आणि तीन-तीन बायकांच्या फायलींवर मोबाईल नंबर एकच, घरातल्या पुरुषाचा.

मैत्रिणींनो, तुम्हाला हे नवं नाही, मलाही नाही. व्यापारी घरांत हे वर्षानुवर्षं चालतं, आपल्याच नाही, सगळ्या समाजांत. बायकोच्या नावाने भांडवल तयार व्हावं, पुढे प्लॉट घेता यावा, बँकेला कागद दाखवता यावेत म्हणून तिच्या नावावर थोडं थोडं उत्पन्न दाखवायचं. लहान धंद्याला कायद्यात सवलत आहे, हिशेबाच्या वह्या न ठेवता उलाढालीच्या ८ टक्के, बँकेतून आलेल्या रकमेवर ६ टक्के नफा दाखवला की चालतं. ही सवलत खऱ्या शिंपिणीसाठी, खऱ्या किराणावाल्यासाठी आहे. आणि जी बाई खरोखर शिवते, ब्लाऊज शिवून घर चालवते, तिच्याकडे बहुतेक वेळा पॅन कार्डसुद्धा नसतं! कागदावर शिवतात त्या आपल्या.

यावर नेहमीचं उत्तर असतं, "कर तर लागत नाहीच, मग कुणाचं काय बिघडलं?" नव्या पद्धतीत २०२४-२५ च्या उत्पन्नावर सात लाखांपर्यंत कर शून्य होत होता, हे खरं. पण विवरणपत्राखाली जे लिहिलेलं असतं ते कर किती याबद्दल नसतं. मी दिलेली माहिती खरी आहे, असं ती बाई स्वतः सांगत असते. आयकर कायद्यात खोट्या विवरणाला तुरुंगवासाची तरतूद आहे, आणि ती ज्याने पडताळणी केली त्याच्यावर येते. नवऱ्याने बायकोला पैसे दिले आणि त्यातून उत्पन्न झालं, तर ते नवऱ्याच्या उत्पन्नात धरायचं असतं, म्हणजे सरळ मार्गही कायद्याने दाखवलेला आहे. शिवणयंत्र मध्ये आणायची गरज त्या सरळ मार्गाने जायचं नाही म्हणून पडते.

पूर्वी निदान सही तरी लागायची. कागद स्वयंपाकघरात यायचा, कणकेचे हात पुसून बाई सही करायची, तेवढ्यात एखादी ओळ दिसायची. आता विवरणपत्र भरल्यापासून ३० दिवसांत ई-पडताळणी करायची असते, तिचा ओटीपी येतो मोबाईलवर. मोबाईल कुणाचा? वरच्या त्या एका नंबरचा. बाईने "हे खरं आहे" असं सांगितलेलं असतं, आणि आपण तसं सांगितलं हे तिला माहीतही नसतं. मला याचाच राग येतो. पैसे घरातच राहतात, मान्य. पण तिच्या तोंडून तिच्या नकळत वाक्य काढून घेतलं जातं. नोटीस आली तर ती तिच्या नावाने येणार, आणि दैवाने नवरा नसला तर उत्तरही तिलाच द्यायचं. शिवणयंत्र कुठे आहे, गिऱ्हाईक कोण, कापड कुठून आणता?

पोरीने नावं सांगितली नाहीत, मीही विचारली नाहीत. दुसऱ्याची गुप्त गोष्ट बाहेर सांगणं हाही त्याच पाच अतिचारांत येतो. सीएच्या ऑफिसात पहिल्याच दिवशी हे सांगतात, की इथलं इथेच ठेवायचं. परभणीसारख्या गावात, जिथे प्रत्येक फाईल कुणाच्या तरी आत्याची असते, ते पाळणं सोपं नाही. तिने पाळलं. याच कारणाने माझं म्हणणं आहे, मुलीला काकांच्या ऑफिसात पाठवू नका. काकांकडे ती पुतणी असते. तिला कुणी चहा आणायला लावणार नाही, चुकली तर कुणी रागावणार नाही, आणि ज्या फायली तिने बघू नयेत असं घराला वाटतं त्या तिच्यासमोर येणार नाहीत. परक्या ऑफिसात ती माणूस म्हणून उभी राहते.

मंडळात मी हे बोलले तेव्हा एकीने विचारलं, "आणि पुण्याच्या त्या मुलीचं काय?" प्रश्न योग्य आहे. २०२४ साली पुण्यात एका फार मोठ्या फर्ममध्ये लागलेली २६ वर्षांची सीए मुलगी रुजू झाल्यावर चार महिन्यांतच गेली. कामाच्या ओझ्याने गेली असं तिच्या आईने पत्रात लिहिलं. फर्मने कामाचा ताण हे कारण मान्य केलं नाही. ते पत्र आपल्या सगळ्यांच्या मोबाईलवर आलं होतं, मी ते दोनदा वाचलं. त्या आईपुढे कुठलाही युक्तिवाद मी करणार नाही. पण त्यावरून मुलींनी या क्षेत्रात जाऊच नये असं मला वाटत नाही. उलट वीस वर्षांच्या वयात, घरून डबा घेऊन जाता येईल अशा ठिकाणी सहा आठवडे काढले, की मुलीला कळतं साहेबाला "आज उशीर नको" कसं म्हणायचं. आर्टिकलशिप करणाऱ्यांसाठी इन्स्टिट्यूटचा आठवड्याला ३५ तासांचा नियम आहे. नियम माहीत असणारी मुलगी निदान घड्याळाकडे बघते. रात्री नऊ वाजता अनोळखी शहरात पहिल्यांदा हे शिकण्यापेक्षा मोंढ्यात शिकलेलं बरं.

"स्थळं येतायत, सहा आठवडे कशाला घालवायचे" असंही एक म्हणणं असतं. याला मी उत्तर देत नाही. वय झालं, दमते आता.

पुढे शिकायची इच्छा असेल त्यांच्यासाठी माहिती. बी.कॉम.ला ५५ टक्के असतील तर सीएची पहिली फाउंडेशन परीक्षा द्यावी लागत नाही, सरळ इंटरमिजिएटला नाव नोंदवता येतं. आणि १ जुलै २०२३ पासून आर्टिकलशिप तीन वर्षांवरून दोन वर्षं केली आहे. "पाच-सात वर्षं कोण थांबणार" हे जुनं कारण आता तेवढं चालत नाही. परीक्षा अवघड आहे ती आहेच. सीए नाही झालं तरी जीएसटीची विवरणं भरणं, हिशेब लिहिणं ही कामं घरून करणाऱ्या मुली मला परभणीत आणि सेलूत माहीत आहेत.

पैशाचंही विचारा बरं का. आमच्या पोरीला आधी काहीच ठरलं नव्हतं, मी विचार म्हटलं तरी ती लाजली. शेवटी साहेबांनी आपणहून तीन हजार दिले. त्यातले पाचशे तिने मंदिरात दिले आणि बाकीच्यांचं काय केलं ते मी विचारलं नाही. सर्टिफिकेटही दिलं, एका पानाचं. त्यात लिहिलंय बँक जुळारा, व्हाउचर नोंदी, विवरणपत्रांची प्राथमिक तयारी. एवढंच, आणि तेवढं तिने केलेलं आहे.

जाण्याआधी तिने घरातल्या एका वडीलधाऱ्या बाईंना फोन लावला. कोण ते लिहीत नाही, लिहायला मात्र त्यांची परवानगी घेतली आहे. तिने विचारलं, "तुमच्या पॅनला कुणाचा नंबर जोडलाय?" त्यांना माहीत नव्हतं. मग तिने पोर्टलवर जाऊन, त्यांच्या आधार कार्डावरचा नंबर त्यांच्याजवळच असल्यामुळे, नवा पासवर्ड करून दिला आणि त्यांचं मागचं विवरणपत्र त्यांना फोनवर वाचून दाखवलं. व्यवसाय: शिवणकाम. बाईंच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालेली. सुईत दोरा ओवायलाही त्या नातवाला हाक मारतात.

घरात बरीच आदळआपट झाली. "याच्यासाठी शिकवलं का," "पोरींना बाहेर पाठवलं की हे असं होतं," सगळं झालं. पोरगी रडली, पण "मी चुकीचं काय वाचलं ते सांगा" एवढंच म्हणत राहिली. त्या बाई मात्र शांत होत्या. त्यांनी मुलाला सांगितलं, माझ्या नावाची बँकेतली एफडी आहे, तिचं व्याज दाखव, दुकानाच्या जागेचं भाडं येतं ते दाखव. आणि ओटीपी माझ्या फोनवर आला पाहिजे. मुलगा म्हणतो, एकदम उत्पन्न कमी दिसलं तर चौकशी येईल, हळूहळू कमी करू. त्यांच्या सल्लागारांना भेटून ठरवायचं आहे. पोरीचं म्हणणं, हळूहळू खरं बोलणं म्हणजे काय?

त्यांचं विवरणपत्र अजून भरलेलं नाही.  दशलक्षण सुरू व्हायच्या आत ते भरून व्हावं, असा त्यांचा हट्ट आहे.